नामयाचे घर कोणी शाकारले?

हिंगोली, प्रतिनिधी

शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथसाहिबमध्ये संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी सोरठ रागातील एका पदाची सुरुवात देवाच्या स्तुतीने होत नाही, ती होते शेजारणीच्या चौकशीने. नाम्याची झोपडी कोणी शाकारली, हे तिला जाणून घ्यायचे आहे. तो सुतार तिला हवा आहे आणि त्यासाठी नाम्याने दिली असेल त्याच्या दुप्पट मजुरी मोजण्याची तिची तयारी आहे. घर बांधून देणारा माणूस शोधणाऱ्या एका सामान्य बाईचा हा प्रश्न मराठवाड्यातील एका शिंप्याने शब्दबद्ध केला आणि पंजाबातील गुरुद्वारांतून तो आजतागायत गायिला जातो.

हे पद रचणाऱ्या नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा हिंगोली जिल्ह्यातील नर्सीकडे बोट दाखविते. जिल्ह्याच्या ठिकाणी हळदीच्या बाजारालाही त्यांचेच नाव आहे. वारकऱ्यांचे नामदेव, कीर्तनकारांचे नामदेव, पंजाबचे बाबा नामदेव अशी त्यांची अनेक रूपे लोकांना ठाऊक आहेत. परंतु नामदेव हे आयुष्यभर प्रापंचिक राहिलेले संत होते आणि त्यांच्या चरित्रात घर, छप्पर, उधारी आणि जामीन यांनी व्यापलेली जागा लहान नाही. परवडणाऱ्या लहान घराचा शोध पुन्हा कठीण झालेल्या आजच्या काळात त्या बाजूने हे चरित्र वाचण्यासारखे आहे.

शिंप्याचे घराणे

शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा मानते. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराण्याचा व्यवसाय शिवणकामाचा आणि कापड विकण्याचा. मूळ पुरुष यदुशेट हे कयाधू नदीच्या काठावरील नर्सीचे रहिवासी. नर्सी आणि बामणी ही जोडगावे असल्याने जुन्या उल्लेखांत नर्सी बामणी असे नाव आढळते. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते दामाशेटी आधीच पंढरपुरास जाऊन स्थायिक झाले होते आणि नामदेव तेथेच जन्मले. घराण्याचे मूळ नर्सीचे आणि कर्मभूमी पंढरपूरची, याविषयी मात्र फारसा वाद नाही.

म्हणजेच नामदेवांचे कुटुंब हे गाव सोडून क्षेत्राच्या ठिकाणी पोट भरण्यास गेलेले कुटुंब होते. पंढरपूर हे यात्रेचे गाव. तेथे शिंप्याच्या सुईला काम मिळण्याची शक्यता अधिक होती. आज हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतून पुणे, मुंबई वा छत्रपती संभाजीनगर गाठणारी कुटुंबे ज्या कारणाने निघतात, त्याहून हे कारण फार वेगळे नसावे.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. नामदेवांच्या जन्माच्या आगेमागेच रामचंद्रदेव यादव गादीवर आला. राज्य वैभवात होते, हेमाडपंती मंदिरे उभी राहत होती. दगडी मंदिरांच्या त्या काळात सामान्य कारागिराचे घर मात्र मातीच्या भिंतींचे आणि गवताच्या छपराचे असे. दर पावसाळ्यापूर्वी ते शाकारावे लागे. त्याला लागणारे गवत, बांबू आणि माती जवळपास मिळत. घर लहान असे, पण ते उभारण्याची ऐपत बहुतेकांच्या हातात असे.

धोंड्याचा जामीन

बालपणीच्या नामदेवांच्या दोन कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहेत. पहिली नैवेद्याची. विठ्ठलमूर्तीने नैवेद्य खरोखर खावा म्हणून हट्ट धरून बसलेल्या बालकासाठी देवाने घास घेतला, अशी ती कथा. दुसरी कथा बाजाराची आहे. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात नामदेवांच्या अशा अनेक कथा आल्या आहेत.

मुलगा संसारात लक्ष घालीत नाही, म्हणून दामाशेटींनी त्याला कापड देऊन बाजारात पाठविले. भजनात रंगलेल्या नामदेवांनी ते कापड वाटेवरच्या धोंड्यांना उधार विकले. पैसे मागण्यास गेल्यावर धोंडे काही बोलेनात, तेव्हा त्यांतलाच एक धोंडा जामीन म्हणून त्यांनी घरी आणून कोंडला. वडिलांनी दार उघडले, तेव्हा त्याचे सोने झालेले होते.

चमत्कार बाजूला ठेवला तरी या कथेतून एक गोष्ट कळते. शिंप्याच्या घराचा सारा व्यवहार उधारीवर चालत होता आणि उधारीला जामीन लागत होता. ज्याच्याकडे गहाण टाकण्यासारखे काही नाही आणि ज्याच्यासाठी उभा राहणारा कोणी नाही, त्याला बाजारात पत नव्हती. कथेतील भाविक श्रोता धोंड्याच्या सोन्यावर खूष होत असेल, पण कथा सांगणाऱ्याला दामाशेटींची चिंता नेमकी ठाऊक होती. घरात खाणारी तोंडे अनेक आणि मिळवते हात भजनात, ही ती चिंता होय.

पंधरा माणसांचे घर

नामदेवांचा विवाह राजाईशी झाला. त्यांना नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या झाली. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना. बहीण आऊबाई. आईवडील दामाशेटी व गोणाई. आणि गंगाखेडहून लहानपणीच या घरी आलेली जनाबाई. अशी पंधरा माणसे या एका कुटुंबाची म्हणून सांगितली जातात. विशेष म्हणजे या कुटुंबातील बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. एका शिंप्याच्या घरातील सासू, सून, मुले, बहीण आणि दासी यांच्या रचना परंपरेने जपून ठेवल्या, अशी उदाहरणे जगातही विरळाच असतील.

या रचनांतून घराचे जे दर्शन घडते ते लोभसवाणे असले तरी सुखवस्तू नाही. गोणाईच्या नावाचे अभंग म्हणजे आईने विठ्ठलाशी केलेले भांडण आहे. नवस करून मिळविलेला मुलगा देवाने हिरावून घेतला, त्याला संसाराचे भान उरले नाही, असा तिचा आरोप आहे. राजाईची तक्रार रुक्मिणीकडे आहे. घरात खायला नाही, नेसायला धड वस्त्र नाही, आणि नवरा मात्र देवळात, हे ती एका गृहिणीने दुसरीकडे सांगावे तसे सांगते. संतचरित्रात संताच्या पत्नीला एवढ्या मोकळेपणाने बोलू दिलेले आहे, ही मराठी परंपरेची मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. वैराग्याची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत असते, हे तिने लपविलेले नाही.

जनाबाईंचे स्थान याच घरातील जात्यापाशी. दळण, कांडण, सडा, शेण, पाणी अशी सारी कामे त्यांच्या वाट्याला. स्वतःला त्यांनी नामयाची दासी म्हणविले. त्यांच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळण दळतो, केर भरतो. ज्या घरात दासीला स्वतंत्र खोली असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या घरात तिच्या शब्दांना मात्र जागा होती. सात शतकांनंतर जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या अभंगांइतकेच आवडीने गायिले जातात.

घर लहान असल्याने हे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दारिद्र्याने कविता पिकत नाही. परंतु पंधरा माणसांना एका छपराखाली टिकता आले, तेथून हुसकावून लावणारे कोणी आले नाही, पिढ्या एकत्र राहिल्या आणि म्हणून परंपरा टिकली, एवढे म्हणता येईल.

परिस आणि मोहरांची थैली

या घराचे दारिद्र्य एका झटक्यात संपावे, असे प्रसंग कथांमध्ये दोनदा येतात. परिसा भागवतांकडे परिस होता. त्यांच्या पत्नीने तो राजाईला दिला. राजाईने लोखंडाचे सोने केले, वाणसामान आणले, बऱ्याच दिवसांनी घरात गोडधोड शिजले. नामदेवांना हे कळताच त्यांनी परिस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत आपला परिस मागू लागले, तेव्हा नामदेवांनी वाळवंटातून ओंजळभर खडे काढले आणि ते सारेच परिस निघाले, असे कथा सांगते.

दुसऱ्या कथेत स्वतः विठ्ठलच केशवशेट नावाच्या व्यापाऱ्याचे रूप घेऊन नामदेवांच्या दारी येतो आणि राजाईच्या हाती मोहरांची थैली ठेवून जातो. हेही धन नामदेव घरात राहू देत नाहीत.

भाविकांनी या कथांतून निर्लोभपणाचा बोध घेतला आणि तो योग्यच आहे. पण कथांतील केशवशेट नामदेवांच्या हाती थैली देत नाही, राजाईच्या हाती देतो, ही बारीक गोष्ट लोककथेने नेमकी टिपली आहे. छप्पर गळते तेव्हा चुलीवर पडणारे पाणी कोणाला दिसते, हे ती कथा रचणाऱ्यांना माहीत असावे.

तेर ते औंढा

नामदेवांच्या आयुष्यातील मोठे वळण धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आले. गोरोबाकाका कुंभार यांच्याकडे संतांचा मेळा जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही भावंडे तेथे होती. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी पारखण्याच्या थापटीने प्रत्येकाच्या डोक्यावर थापट मारली. बाकीचे शांत राहिले, नामदेव चिडले. गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्णय दिला. विठ्ठलाचा लाडका म्हणून मिरविणाऱ्या नामदेवांना तो जिव्हारी लागला. गुरू केल्यावाचून कच्चेपणा जाणार नाही, हे त्यांनी मान्य केले आणि विसोबा खेचरांचा शोध घेत ते निघाले.

परंपरेनुसार ही भेट औंढा नागनाथ येथे झाली. हे क्षेत्र आज हिंगोली जिल्ह्यातच आहे. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले होते. संतापलेल्या नामदेवांना त्यांनी, जेथे देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवण्यास सांगितले. नामदेवांनी पाय उचलून जेथे ठेवले तेथे लिंग प्रकटले. देव एका मंदिरात मावत नाही, हा धडा नामदेवांनी आयुष्यभर जपला.

औंढ्याचीच आणखी एक कथा आहे. नामदेवांचे कीर्तन तेथील पुजाऱ्यांना खपले नाही. हीन जातीचा म्हणून त्यांना मंदिराच्या पाठीमागे जाण्यास भाग पाडले गेले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले आणि मंदिरच फिरले, त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मंदिराच्या मागील बाजूस असलेला नंदी दाखवून भाविक आजही ही कथा सांगतात. ग्रंथसाहिबमधील नामदेवांच्या पदांतही देवालय फिरल्याचा उल्लेख आहे. दाराशी उभे राहण्याचा अधिकार कोणाला आणि मागच्या बाजूला कोणी राहावे, हा वास्तूचा प्रश्न जातीचाही असतो, हे या कथेइतके स्पष्ट क्वचितच कोणी सांगितले असेल.

तीर्थावळी आणि पोरकेपण

ज्ञानदेवांसमवेत नामदेवांनी उत्तरेची तीर्थयात्रा केली. त्या यात्रेचे वर्णन तीर्थावळीच्या अभंगांत आहे. यात्रेहून परतल्यानंतर १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. आदि, तीर्थावळी आणि समाधी या तीन प्रकरणांतून नामदेवांनी ज्ञानदेवांचे जे चरित्र रचले, ते मराठीतील आद्य चरित्रांपैकी एक मानले जाते. समाधी प्रकरणातील शोक वाचून आजही वारकऱ्यांचे डोळे पाणावतात.

त्याच १२९६ या वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी तेथे आणली. नामदेवांच्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे या उलथापालथीत गेली. वैभव पाहिलेली एक पिढी त्यांच्या डोळ्यांदेखत असुरक्षित झाली.

चोखोबांवर कोसळलेली भिंत

नामदेवांच्या चरित्रातील एका प्रसंगाकडे घरांच्या संदर्भात विशेष लक्ष द्यावे लागते. संत चोखामेळा हे नामदेवांना गुरुस्थानी मानीत. ते मंगळवेढ्याचे, जातीने महार. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर इतर मजुरांसमवेत ते वेठीला लागले होते. १३३८ मध्ये ते गावकूस कोसळले आणि त्याखाली सापडून चोखोबांसह अनेक मजूर मरण पावले.

ही वार्ता कळल्यावर नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडे एकमेकांत मिसळली होती. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येई, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी उचलल्या, अशी कथा आहे. त्या अस्थी पंढरपुरास आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर त्यांनी चोखोबांची समाधी बांधविली. जिवंतपणी ज्याला मंदिरात प्रवेश नव्हता, त्याला मृत्यूनंतर मंदिराच्या दारात कायमची जागा मिळाली.

गावाचे रक्षण करणारी भिंत ज्यांनी बांधली, त्यांची स्वतःची वस्ती त्या भिंतीच्या बाहेर होती. आजही इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपट्यांत राहून त्या इमारती बांधणारे मजूर आपण पाहतो. काम पूर्ण झाले की ती खोपटी उठतात आणि पुढल्या पायाजवळ उभी राहतात. नामदेवांनी चोखोबांसाठी जे केले, त्यात शिष्यप्रेम तर होतेच, पण बांधणाऱ्याला जागा मिळाली पाहिजे, हा आग्रहही होता.

घुमानचा मुक्काम

उत्तर आयुष्यातील सुमारे दोन दशके नामदेवांनी उत्तरेत, मुख्यतः पंजाबात काढली, असे मानले जाते. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झाले. मराठी शिंप्याने तेथील लोकभाषेत पदे रचली. कापडाचा गज आणि कात्री ही आपल्या व्यवसायाची साधने त्यांनी मन आणि जीभ यांची रूपके म्हणून वापरली. पुढे १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांच्या पदांना त्यात स्थान मिळाले. एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते याच नात्याची आठवण म्हणून.

प्रारंभी उल्लेखिलेले शेजारणीचे पद याच पदांपैकी. शेजारणीच्या चौकशीला नामदेव पदात उत्तर देतात. तो सुतार असा कोणाला देता येत नाही, तो सर्वत्र भरून राहिला आहे आणि जीवाला त्याचाच आधार आहे. मजुरी म्हणून तो फक्त प्रेम मागतो. माणसाने कुटुंबाची आणि लोकांची आसक्ती तोडली की तो आपण होऊन चालत येतो. नाभादासांच्या भक्तमाळेतही पंढरीनाथाने नामदेवांचे गवताचे छप्पर स्वतःच्या हाताने शाकारल्याचा उल्लेख आहे. म्हणजे मध्ययुगाच्या अखेरीस ही कथा साऱ्या उत्तर भारतात पोहोचली होती.

कथेचा आध्यात्मिक अर्थ सरळ आहे. तिचा व्यावहारिक पाया मात्र सहसा कोणी पाहत नाही. देव नामदेवांना वाडा बांधून देत नाही. वाहून गेलेल्या, मोडलेल्या झोपडीच्या जागी तो झोपडीच उभी करतो, तेवढ्याच मापाची, पण टिकाऊ आणि देखणी. ती पाहून शेजारीण हरखते. तिलाही वाडा नकोच आहे. तिला नाम्यासारखे घर हवे आहे आणि त्यासाठी रास्त मजुरी देण्याची तिची तयारी आहे.

शेजारीण आज कोठे जाईल?

सात शतकांनंतर नामदेवांच्याच जिल्ह्यातील शेजारणीची स्थिती पाहण्यासारखी आहे. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. कार्यालये आली, शाळा-महाविद्यालये वाढली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. जिल्ह्याचे ठिकाण झाले की आधी जमिनीला भाव येतो. शेतातील जमीन एकरावर मोजली जात होती, ती गुंठ्यावर आणि पुढे चौरस फुटांवर विकली जाऊ लागते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शिलाईकाम करणाऱ्या, हमाली करणाऱ्या किंवा खासगी शाळेत शिकविणाऱ्या कुटुंबाची पहिली उडी अर्ध्या वा एक गुंठ्याच्या पलीकडे जात नाही.

नेमकी याच मापाची जमीन कायद्याच्या कचाट्यात सापडत आली. शेतीचे तुकडे होऊ नयेत यासाठी १९४७ चा तुकडेबंदी कायदा झाला. हेतू चांगला होता. परंतु गावाच्या कडेची शेते वस्तीत सामावू लागली, तेव्हा मंजूर रेखांकन नसलेल्या गुंठा-दीड गुंठ्याच्या तुकड्यांचे खरेदीखत अडू लागले. मग मुद्रांकावर लिहून व्यवहार होऊ लागले, घरे उभी राहिली, मालकी मात्र कागदावर चढली नाही. अशा वस्त्यांसाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. त्याच वर्षी जुलैत नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांची दस्तनोंदणी रोखली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरविले. २०२५ मध्ये शासनाने कायद्यात बदल करून नागरी भागांतील जुने लहान व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली.

या साऱ्या काळात नोंदणीकृत खत नाही म्हणून बँकेचे गृहकर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून रोख जमवून किंवा खासगी सावकाराकडून घेऊन घर बांधणे, हे पहिल्यांदा घर घेणाऱ्याच्या नशिबी आले. दामाशेटींच्या मुलाने धोंडा जामीन आणला होता. आजच्या कुटुंबाला तोही मिळत नाही.

दुसरीकडे रीतसर रेखांकन करून भूखंड पाडायचे तर रस्ते, मोकळी जागा, गटारे, शुल्क यांचा खर्च येतो. तो लहान भूखंडांवर जड पडतो. सदनिकांचेही तसेच. जमीन महाग झाली की बांधणाऱ्याला लहान घरांपेक्षा मोठ्या घरांत नफा अधिक आणि गिऱ्हाईक कमी सांभाळावे लागतात. त्यामुळे मोठ्या शहरांत एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे घर नव्या जाहिरातींतून दिसेनासे झाले आणि जिल्ह्याच्या गावांतही तीच रीत पोहोचली. वस्तू व सेवा करासाठी २०१९ मध्ये परवडणाऱ्या घराची जी व्याख्या ठरली, तिची किमतीची मर्यादा ४५ लाख रुपये आहे. शिंप्याच्या कमाईला हा शब्द कितपत लागू पडतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

शासनाच्या घरकुल योजना आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य, अशी रचना २०१६ पासून आहे. ज्याला जागाच नाही, त्याला ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. या योजनांनी अनेकांच्या डोक्यावर छप्पर आले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण यादीत बसणारा अतिगरीब आणि बाजारात खरेदी करू शकणारा सधन यांच्या मधल्या कुटुंबाला ना यादी लागू पडते, ना बाजार. नामदेवांची शेजारीण याच मधल्या वर्गातील दिसते. ती फुकट घर मागत नाही. ती मजुरी, तीही दुप्पट, द्यायला निघाली आहे. तिची अडचण एवढीच, की तिला हव्या त्या मापाचे घर बांधणारा भेटत नाही.

पायरीचे घर

३ जुलै १३५० रोजी, शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवांनी पंढरपूर येथे समाधी घेतली, असे वारकरी परंपरा मानते. पंजाबातील परंपरा त्यांचा अंत घुमानला झाल्याचे सांगते. पंढरपूरच्या कथेनुसार विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील पहिल्या पायरीखाली त्यांनी आपली जागा मागून घेतली, कारण दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक संताची पायधूळ त्यांना हवी होती. कुटुंबातील माणसांनीही त्यांच्यासमवेत तेथेच समाधी घेतली, असे सांगितले जाते. ती पायरी नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते. वारकरी तिच्यावर पाय देत नाहीत, तिला हात लावून तो कपाळाशी नेतात. समोरच चोखोबांची समाधी आहे.

गळके छप्पर, उधारीचे कापड, जात्यापाशी झोपणारी जनी आणि भांडणारी गोणाई यांच्यासह नांदलेले ते घर शेवटी एका पायरीच्या मापाचे उरले. इतकी कमी जागा नामदेवांनी स्वतःसाठी स्वेच्छेने निवडली होती. तो त्यांच्या भक्तीचा अधिकार होता. ज्यांनी तशी निवड केलेली नाही, त्यांच्यावर ती लादण्यासाठी नामदेवांचे उदाहरण देता येणार नाही. राजाईने तर हे त्यांच्या हयातीतच सांगून ठेवले आहे.

कार्तिकी आणि आषाढीला नर्सीच्या मंदिरात भाविकांची रीघ लागते. पंजाबातूनही लोक कयाधूच्या काठी येतात. त्यांच्या मुखी जी पदे असतात, त्यांत शेजारणीचे ते पदही असते. ऐकणाऱ्यांत एखादे तरी जोडपे असे असेल, की ज्याने आयुष्यभराची बचत घेऊन लहानसे का होईना पण स्वतःचे घर शोधावयास सुरुवात केली आहे. नामदेवांच्या सुताराचा पत्ता त्यांना भजनातून मिळेल. अर्ध्या गुंठ्यावर रीतसर खत करून देणारा आणि त्या मापाचे घर रास्त दरात बांधणारा सुतार मात्र त्यांना नगरपालिकेत, नोंदणी कार्यालयात आणि बँकेतच शोधावा लागेल. तो तेथे मिळावा, ही व्यवस्था माणसांनीच करावयाची आहे.